पक्षी आपल्याला पारखतात तेव्हा (अनुभव धागा)

कावळ्याने मान वाकडी करून एकाच डोळ्याने आपल्याकडे पाहावे आणि आपल्या हातून काहीतरी चुकले आहे असे उगाचच वाटू लागावे, हा अनुभव पुष्कळांना आला असेल. कावळा, मैना, पोपट, मॅगपाय (कावळ्याच्याच कुळातील एक पक्षी) अशा एखाद्या हुशार पक्ष्याने तुम्हाला ओळखले असेल, तुमच्यावर डूख धरला असेल किंवा विश्वास टाकला असेल, तर तो प्रसंग येथे सविस्तर लिहावा, या विनंतीने हा धागा सुरू करीत आहे. ऐकीव गोष्टी टाळाव्यात. स्वतः पाहिलेले तेवढेच लिहावे. सुरुवात माझ्यापासून करते.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी फाटकाच्या आत कावळ्याचे पिल्लू बसलेले दिसले. शेपटी आखूड, चोचीच्या कडा गुलाबी, डोळे निळसर करडे. ते घरट्यातून पडले असावे आणि आता मांजर त्याला उचलणार, या काळजीने मी त्याला ओंजळीत घेतले आणि खोक्यात ठेवण्यासाठी दाराकडे निघाले. पिल्लू एकदाच ओरडले. पुढच्याच क्षणी माझ्या डोक्यावर फटका बसला. झाडावरून आधी दोन, मग आठ-दहा कावळे उतरले आणि इतक्या खालून झेपा घेऊ लागले की त्यांच्या पंखांचा वारा कानाला लागत होता. पिल्लू खालच्या फांदीवर ठेवून मी घरात पळाले.

कावळ्याची पिल्ले नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात, काही दिवस जमिनीवर किंवा खालच्या फांद्यांवर वावरतात आणि आईवडील त्यांना तेथेच भरवतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पिल्लाला जखम नसेल आणि धोका अगदी तोंडाशी नसेल, तर त्याला हात न लावणे हीच खरी मदत असते. हे ज्ञान मला उशिरा मिळाले आणि तोपर्यंत माझ्या नावावर गुन्हा नोंदला गेला होता.

पुढे कित्येक आठवडे मी फाटकापाशी आले की कर्कश कावकाव सुरू होई. माझी बहीण अंगकाठीने माझ्यासारखीच आहे, पण ती त्याच वाटेने बिनघोर जात-येत असे. मी कपडे बदलले, डोक्याला रुमाल गुंडाळला, बहिणीची छत्री नेली. कशाचाही उपयोग झाला नाही. एकदा त्यांतला एक कावळा भिंतीवर, माझ्यापासून जेमतेम दोन हातांवर येऊन बसला. त्याने मान वळवली, त्याच्या काळ्या डोळ्यावरून एक पांढरट पडदा आडवा सरकून गेला, आणि मग तो ओरडला. त्या नजरेसमोर मी मान खाली घातली, हे मला अजून आठवते.

नंतर वाचनात आले की 2006 साली अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुहेतल्या आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, त्यांच्या पायांत कडी अडकवली आणि त्यांना सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून कोणीही परिसरात फिरले की कावळे त्याच्यावर ओरडत. दुसरा, निरुपद्रवी मुखवटा घातलेल्या माणसाकडे मात्र ते फारसे लक्ष देत नसत. विशेष म्हणजे कालांतराने ओरडणाऱ्यांची संख्या पकडलेल्या सातांपेक्षा कितीतरी अधिक झाली, कारण जे कधी पकडले गेले नव्हते तेही इतरांचे पाहून शिकले होते. माझ्या फाटकावर आठ-दहा कावळे का जमत, याचे उत्तर मला तेथे मिळाले.

*

माझा अनुभव लहान आहे. गच्चीवर एक कावळा रोज शेंगदाणे नेऊन कुंड्यांतील मातीत पुरतो. पुरून झाले की वर एखादे वाळलेले पान ठेवतो आणि दोन पावले मागे सरून पाहतो. एके दिवशी त्याने मान वर केली तेव्हा मी खिडकीत उभी होते. आम्ही काही क्षण एकमेकांकडे पाहिले. त्यानंतर त्याने पान बाजूला केले, दाणा काढला, तिसऱ्या कुंडीत चोच खुपसली, पण दाणा तेथे ठेवलाच नाही. तो चोचीतच घेऊन उडून गेला. त्याचा दाणा चोरण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता, तरीही चोरी करताना पकडले गेल्यासारखे मला वाटले.

या वागण्यावर नेथन एमरी आणि निकोला क्लेटन यांचा 2001 मधील अभ्यास आहे. कावळ्याच्याच कुळातील स्क्रब जे हा पक्षी खाणे लपवीत असताना दुसऱ्याने पाहिले, तर नंतर एकांत मिळताच तो ते उकरून नव्या जागी लपवतो. परंतु असे करणारे पक्षी तेच होते, ज्यांनी स्वतः पूर्वी दुसऱ्याचे खाणे चोरले होते. ज्यांना चोरीचा अनुभव नव्हता त्यांनी जागा बदलली नाही. चोराच्या मनात चांदणे ही म्हण पक्ष्यांनाही इतकी चपखल लागू पडावी, याचे मला फार नवल वाटते.

*

माझ्या आत्याकडे करड्या रंगाचा आफ्रिकन पोपट होता. तो कोणाकडे पाहत असे तेव्हा त्याच्या पिवळ्या डोळ्यातील काळे बुबुळ झर्रकन बारीक होई आणि पुन्हा मोठे होई, त्यामुळे तो आपल्याविषयी मत बनवीत आहे असेच वाटे. एका दुपारी मी आणि माझा आतेभाऊ जुन्या पैशांच्या व्यवहारावरून भांडत होतो. आवाज चढत गेले. आत्या घरात नव्हती. पोपटाने पिसे अंगाशी घट्ट आवळून घेतली होती आणि तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकीत होता. मग अगदी आत्याच्या आवाजात, तिच्याच थकलेल्या सुरात, तो म्हणाला, “पुरे झालं आता.” आम्ही दोघेही गप्प झालो.

त्याला भांडण कळले, असा दावा मी करणार नाही. घरात आवाज चढले की आत्या दर वेळी हेच म्हणत असे, आणि त्या परिस्थितीशी ते शब्द त्याने जोडले असावेत. पण शब्द योग्य जागी वापरणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे. आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 पासून 2007 पर्यंत याच जातीच्या ॲलेक्स नावाच्या पोपटावर काम केले. तो सुमारे 50 वस्तूंची नावे, सात रंग आणि पाच आकार सांगत असे आणि सहापर्यंतच्या संख्या ओळखत असे. भावाशी माझा तो वाद पुढे मिटला आणि आमच्या दोघांच्याही मनात त्याचे श्रेय त्या पोपटाला आहे.

*

वरील सर्वांपेक्षा माझ्या वाट्याला आलेला निकाल अन्यायाचा होता, म्हणून लिहीत आहे. मी बागेची देखभाल करतो. विजेच्या तारेखाली एक कावळा मरून पडला होता. तो कुजण्याआधी पुरून टाकावा म्हणून मी त्याला काळ्या पिशवीत घातले आणि पिशवी हातात धरून निघालो. प्रथम एकच कावळा ओरडला. मोजून पाच मिनिटांत झाडे काळी झाली. ते सर्व माझ्या डोक्यावर फिरत राहिले, आणि नंतर एकाएकी असे शांत झाले की त्या शांततेनेच मी अधिक हादरलो. मी त्याला मारले नव्हते, हे त्यांना सांगण्याचा कोणताही मार्ग माझ्यापाशी नव्हता.

त्यानंतर महिनाभर तरी मी रिकाम्या हाताने गेलो की ते गप्प बसत, परंतु हातात काळी पिशवी दिसली की आरडाओरडा सुरू होई. केली स्विफ्ट यांनी मार्झलफ यांच्यासोबत केलेला आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. मुखवटा घातलेली माणसे मेलेला कावळा हातात घेऊन उभी राहिली, तेव्हा जमलेल्या कावळ्यांनी तो चेहरा लक्षात ठेवला आणि पुढे सहा आठवड्यांपर्यंत, हात रिकामे असतानाही, ते त्याच्यावर ओरडत राहिले. मृताभोवती जमणे हे निदान काही अंशी धोका कोठे आणि कोणाकडून आहे हे शिकण्यासाठी असते, असा त्याचा अर्थ लावला जातो. मी आता पालापाचोळा पांढऱ्या गोणीतून नेतो.

*

जखमी पक्ष्यांची शुश्रूषा करताना मला जे दिसले ते थोडक्यात सांगतो. पक्ष्यांचे डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत, म्हणून नीट पाहायचे असेल तर त्यांना अख्खी मान वळवावी लागते. आपल्याला त्यात निवाडा दिसतो. आजारपणात माझ्या खिडकीवर एक कावळा रोज सकाळी येऊन काचेतून रोखून पाही आणि चोच आपटी. तो मला पाहायला येतो, अशी माझी पक्की समजूत होती. एकदा बाहेरच्या बाजूने उभे राहून पाहिले, तेव्हा काचेत त्याचेच प्रतिबिंब होते. विणीच्या काळात आपल्या हद्दीत शिरलेला परका नर समजून तो त्याच्याशी झुंजत होता. मला वाईट वाटले, हे कबूल करतो.

परंतु याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे. 2017 मधील एका अभ्यासात रेव्हन जातीच्या मोठ्या कावळ्यांना पावाच्या तुकड्याच्या बदल्यात चीज देणारी एक व्यक्ती होती आणि पाव घेऊन चीज स्वतःच खाऊन टाकणारी दुसरी. महिन्याभरानंतर निवड करायची वेळ आली, तेव्हा बहुतेक कावळे सरळ वागलेल्या व्यक्तीकडे गेले. तेव्हा नजरेवरून निष्कर्ष काढू नये, वागण्यावरून काढावा.

*

सर्वांचे मनापासून आभार. पांढऱ्या गोणीचे वाचून धीर आला. माझ्या कावळ्यांचे पुढे काय झाले, असे काहींनी विचारले आहे. मी त्यांना खाणे टाकून वश करण्याचा प्रयत्न केला नाही. पिल्लांच्या दिवसांत मागच्या दाराने जाऊ लागले, एवढेच. दुसऱ्या वर्षी पिल्लू पुन्हा खाली उतरले तेव्हा मांजर कुंपणापाशी दबा धरून बसले होते. मी लांबूनच पाण्याची बादली भिरकावून त्याला हाकलले, आणि कावळे मांजरावर व माझ्यावर सारख्याच जोराने ओरडले. तिसऱ्या वर्षी ओरडणे कमी झाले.

या वर्षी पिल्लू फाटकाच्या आतल्या पायरीवर होते आणि मी आठ-दहा पावलांवर थांबले. मोठा कावळा भिंतीवर होता. त्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिले, डोळ्यावरून तो पांढरट पडदा सरकला, आणि एकदाही न ओरडता तो खाली उतरून पिल्लाच्या उघड्या चोचीत घास भरवू लागला.