मदत हवी आहे: साताऱ्याचा उतार आणि माझे गुडघे

नमस्कार मंडळी. वय ६७, राहणार कोल्हापूर. सातारा हिल हाफ मॅरेथॉन म्हणजे माझा वर्षाचा सण. शनिवारी मुक्काम, जुने सोबती भेटतात, रविवारी सकाळी २१.१ किलोमीटर. यवतेश्वर घाटाचा चढ अजूनही दमानं निघतो. त्रास होतो तो परतीच्या उतारावर. तिथं मांडीचे स्नायू सतत शरीर रोखून धरतात, ते थकले की भार गुडघ्यांवर. डॉक्टरांनी धावायला मनाई केलेली नाही, मांड्या बळकट करा म्हणाले. रोज रंकाळ्याला धावतो, पण तिथं उतार कुठला? जोतिबाच्या रस्त्यावर उतरण्याचा सराव करावा का? साठीपुढच्या कुणी केलाय? आठवड्यातून किती वेळा? धावणाऱ्यांची जाण असलेले इथले फिजिओथेरपिस्टही सुचवा. ही शर्यत मला सोडायची नाही.