मदत हवी आहे: कवीचा आवाज मुलांना ओळखायला कसा शिकवावा?

ग्वाल्हेरला दर रविवारी आठवी-नववीच्या नऊ मुलांचा मराठी वर्ग घेते. शाळा हिंदी माध्यमाची, मराठी फक्त घरात. वेळ पाऊण तास, आणि घरी अभ्यास कोणी करत नाही हे गृहीत धरा.

कवीचं नाव झाकून ओळी दिल्या. बहिणाबाई लगेच सापडल्या, पण त्या 'चुल्ह्यावर'मुळे, म्हणजे बोलीमुळे. मग बालकवींची 'हिरवे हिरवे गार गालिचे' आणि भा. रा. तांब्यांची 'पिवळे तांबुस ऊन कोवळे' या ओळी शेजारी ठेवल्या. दोन्हींना उत्तर एकच, निसर्ग दिसला की बालकवी! तांबे इथलेच राजकवी, तरी एकानेही नाव घेतलं नाही. एक मुलगी मात्र तांब्यांच्याच पुढच्या ओळीत, 'ओढा नेई सोने वाटे' यातल्या 'वाटे'वर अडली: "इथे बघणारा माणूस मध्ये येतो ना?" मला हेच हवं होतं, पण पुढे काय विचारावं ते सुचेना.

मोठ्याने वाचन, वृत्त, अलंकार करून झाले. अलंकारांची तर नुसती यादी होते. कवीचं चरित्र आधी सांगायचं नाही, नाहीतर मुलं तेच कवितेत शोधतात.

त्या 'वाटे'पासून कवीच्या आवाजापर्यंत न्यायला तुम्ही कोणते दोन-तीन प्रश्न विचाराल? आणि विषय एकच पण आवाज अगदी वेगळा, अशी आणखी कोणती जोडी घ्याल?