रक्तदाब १२०/७० आला म्हणून गोळ्या थांबवाव्यात का?
अँजिओप्लास्टीनंतर वडिलांना दिलेल्या रॅमिप्रिल आणि मेटोप्रोलॉल या गोळ्या, रक्तदाब आता १२०/७० येत असल्यामुळे, बंद कराव्यात का, असा आपला प्रश्न आहे. कृपया त्या परस्पर बंद करू नका. हा आकडा गोळ्या चालू असल्यामुळे आलेला असतो. शिवाय हृदयरुग्णाला ही औषधे केवळ रक्तदाब उतरवण्यासाठी दिलेली नसतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' या नऊ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात रॅमिप्रिलने रक्तदाब थोडाच उतरला, तरीही हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मृत्यू यांचे प्रमाण लक्षणीय घटले. मेटोप्रोलॉलच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते, कारण ते हृदयाची गती आणि त्याची प्राणवायूची गरज कमी ठेवते, आणि अचानक थांबवल्यास नाडी वाढून छातीत दुखू शकते, प्रसंगी झटकाही येऊ शकतो. म्हणून ते थांबवायचेच ठरले, तर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात. रॅमिप्रिलने कोरडा खोकला येत असेल (पुष्कळांना येतो, आणि घरचे महिनोन्महिने खोकल्याचे औषध देत राहतात), तर टेल्मिसार्टनसारखा पर्याय उपलब्ध आहे. उठताना चक्कर येत असेल, तर बसून आणि उभे राहून मोजलेले आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावेत.