मदत हवी आहे: मार्चमध्ये पडत्या भावात ज्वारी विकायची नाही, काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

मी मूळची मंगळवेढ्याची, नोकरीसाठी पुण्यात. गावी आबा आणि चुलते मिळून नऊ एकर कोरडवाहू ज्वारी करतात. काळी भारी रानं, हस्ताच्या ओलीवर येणारी मालदांडी जातीची ज्वारी. आत्ता कणसं हुरड्यात आहेत, महिन्याभरात काढणी लागेल, म्हणून घाईने विचारतेय.

गेल्या साली पहिल्यांदाच मी सगळा हिशेब वहीत मांडला. 45 क्विंटल झाली. घरखर्चाला पाच ठेवून 40 क्विंटल मार्चमध्ये 2600 रुपयांनी गेली. मालदांडीचा 2024-25 चा हमीभाव होता 3421. पण काढणीच्या मजुरीसाठी आडत्याकडून उचल घेतलेली, त्यामुळे माल त्याच्याच काट्यावर घालावा लागला. घरची जनावरं सांभाळून दीड हजार पेंडी कडबा विकला, तोही शेकडा 1200 ने. एकूण 1 लाख 22 हजार आले. नांगरट, पेरणी, कोळपणी, काढणी, मळणी धरून 95 हजार गेले. सहा माणसांच्या घरात वर्षाचे 27 हजार उरले, आणि आबा-चुलत्यांची मजुरी यात धरलेलीच नाही.

सगळ्यात जास्त पैसा काढणीत जातो. आमच्याकडे ज्वारी मुळासकट उपटतात, आणि उपटणारी माणसं आता मिळत नाहीत. हार्वेस्टर लावला तर कडब्याचा चुरा होतो. खरं तर कडबा हेच या पिकाचं अर्धं उत्पन्न. दाण्याला भाव नसला तरी कडबा तारून न्यायचा. आता दोन्ही एकाच महिन्यात बाजारात येतात आणि दोन्हीचे भाव एकदम पडतात.

चुलते म्हणतात, बोअर मारू, ऊस लावू. आबांना ज्वारी सोडायची नाही. मलाही नाही. दुष्काळात दामाजीपंतांनी जिथली कोठारं उघडली, 2016 साली जिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्याच शेतकऱ्याला आपलं धान्य चार महिने धरून ठेवता येऊ नये, याचं फार वाईट वाटतं.

यंदा, म्हणजे 2025-26 चा, हमीभाव 3749 आहे. शेतमाल तारण योजनेत ज्वारी ठेवून कोणी कर्ज घेतलंय का? पैसे हातात यायला किती दिवस लागले? मालदांडीला रीपर, म्हणजे कापणीचं यंत्र, चालतो का? आणि मानांकनाचं नाव लावून थेट पुण्यात विकायची तर सुरुवात कुठून करायची?

प्रतिसाद

ताई, आम्ही बार्शीकडचे, दोन वर्षं तारणात माल ठेवतोय. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, मुदत 180 दिवस, व्याज 6 टक्के. सातबाऱ्यावर पीकपेरा, म्हणजे किती रानात कोणतं पीक आहे ते, नोंदलेला हवा, तो आजच बघून घ्या. योजना शेतकऱ्याच्याच मालासाठी आहे, व्यापाऱ्याच्या नाही. समितीकडे निधी आणि गोदामात जागा आहे का, हे काढणीआधी जाऊन विचारा. आम्ही पहिल्या वर्षी उशिरा गेलो आणि परत आलो.

पण खरी मेख उचलीत आहे. तारणाचे पैसे माल गोदामात गेल्यावर मिळतात, मजुरी त्याआधी लागते. काढणीपुरते पैसे बचत गटातून किंवा गावच्या विकास सोसायटीतून उभे करा, आडत्याकडून नको. सगळा माल धरूही नका. आम्ही तिसरा हिस्सा लगेच विकून देणी भागवतो.

रीपर आडव्या पडलेल्या मालदांडीला चालत नाही. उभ्या पिकात चालतो, पण धसकटं रानात राहतात, त्यांचा खर्च धरा.

घरी साठवणार असाल तर दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवा आणि हवाबंद पिशव्या वापरा. किडीच्या विषारी गोळ्या राहत्या घरात कधीही ठेवू नका, त्यांच्या वायूने माणसं दगावतात.

मानांकनाचं नाव लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. एकट्याने धावपळ करण्यापेक्षा तुमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीला गाठा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. आत्ताच आबांशी फोनवर बोलले. पीकपेरा नोंदलेला आहे, पण नऊ एकरांपैकी चार एकरच. चुलत्यांच्या जमिनीची नोंद राहिलीय. ते उद्या सकाळी तलाठ्याकडे जाताहेत. आता एवढी उशिरा नोंद करून घेतात का, कोणाला माहीत असेल तर आज रात्रीच सांगा.