माउंट ईरीचा ‘विंड्स पोएम’: संथ लोकगीते गाणाऱ्याला ब्लॅक मेटल कशासाठी हवे होते?

रानवाट:

फिल एल्व्हरम हा अमेरिकी गायक-गीतकार ‘माउंट ईरी’ या नावाने जे संगीत प्रसिद्ध करतो, ते मी बऱ्याच काळापासून आवडीने ऐकत आलो आहे. ‘द मायक्रोफोन्स’ या त्याच्या आधीच्या नावाने २००१ मध्ये आलेला ‘द ग्लो पार्ट टू’ आणि ज्यूली डोइरॉन व फ्रेड स्क्वायर यांच्यासह केलेला २००८ चा ‘लॉस्ट विज्डम’ हे दोन्ही अल्बम माझ्या विशेष आवडीचे आहेत. ‘लॉस्ट विज्डम’मध्ये तर गिटार आणि माणसांचे आवाज यांपलीकडे जवळजवळ काहीच नाही. त्यानंतर वर्षभरात, म्हणजे २००९ मध्ये, त्याच माणसाने ‘विंड्स पोएम’ काढला. त्यातल्या पहिल्याच गाण्यात विकृत केलेल्या गिटारचा असा लोंढा अंगावर येतो, की आपण चुकीची फाईल लावली आहे की काय, अशी शंका यावी.

या अल्बमवर ब्लॅक मेटलचा प्रभाव आहे, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. मला त्या शैलीची फारशी ओळख नाही. म्हणून जाणकारांना विचारतो. हा प्रभाव खरोखर संगीताच्या रचनेत आहे, की केवळ आवाज मोठा आहे म्हणून लोकांनी तशी पाटी लावली आहे? आणि पहिल्या गाण्यानंतर लगेच ‘थ्रू द ट्रीज’ हे ११ मिनिटांहून मोठे, अत्यंत संथ गाणे येते. मग हा अल्बम दोन वेगवेगळ्या अल्बमांची जोडणी आहे, असे मानावे का?

टेपडेक:

प्रभाव खरा आहे आणि तो एल्व्हरमने स्वतः मान्य केलेला आहे. त्या काळात तो ज्यांचे संगीत ऐकत होता त्यांत ‘झॅस्थर’ हे नाव प्रमुख होते. झॅस्थर म्हणजे कॅलिफोर्नियातील एकाच माणसाने सर्व वाद्ये वाजवून, सर्व काही स्वतः ध्वनिमुद्रित करून चालवलेला ब्लॅक मेटलचा उद्योग. एल्व्हरमही नेमके असेच काम करत आलेला आहे, ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेच्या मुळाशी आहे.

ब्लॅक मेटल ओळखण्याच्या खुणा साधारणपणे अशा सांगता येतील. गिटारवर एकच स्वर अतिशय वेगाने, न थांबता छेडला जातो, त्यामुळे सुटे आघात ऐकू न येता एक सलग थरथर तयार होते. याला ट्रेमोलो म्हणतात. ड्रमवर ब्लास्ट बीट असतो, म्हणजे आघात इतके दाट असतात की ठेका कळेनासा होऊन नुसता झोत उरतो. गायन म्हणजे किंकाळी. आणि ध्वनिमुद्रण मुद्दाम कच्चे, खर्ज कमी, वरच्या पट्टीचा खरखराट जास्त. नॉर्वेतील ‘डार्कथ्रोन’चा १९९४ चा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर केलेला आहे. ‘बुर्झुम’ या नॉर्वेच्याच एका माणसाच्या उद्योगाचा ‘फिलोसोफेम’ १९९३ मध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी गिटार ॲम्प्लिफायरऐवजी घरातल्या स्टिरिओमधून वाजवले आणि आवाजासाठी हेडसेटचा मायक्रोफोन वापरला, असे सांगितले जाते. वेग कितीही असला तरी या संगीतात सुरावट मात्र फार सावकाश बदलते, आणि म्हणूनच ते लक्ष देऊन ऐकणाऱ्याला धावण्याऐवजी एका जागी स्थिर झाल्यासारखे वाटते.

यांतील काय एल्व्हरमने घेतले आणि काय सोडले, हे पाहिले की तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. त्याने गिटारची सलग थरथर घेतली, ड्रमचा झोत घेतला, सावकाश सरकणारी सुरावट घेतली. किंकाळी सोडली. ‘विंड्स डार्क पोएम’ या पहिल्या गाण्यात तो गोंगाट ऐन भरात असताना त्याच्या तळाशी एक माणूस नेहमीच्याच मृदू, काहीशा संकोचलेल्या आवाजात गात आहे, आणि शब्द ऐकण्यासाठी कान द्यावा लागतो. ब्लॅक मेटलमध्ये गायक वादळाच्या बाजूने ओरडत असतो. येथे गायक वादळात सापडलेला आहे. शीर्षकाप्रमाणे कविता वाऱ्याची आहे. गिटारचा लोंढा हा त्या वाऱ्याचा उच्चार आहे आणि माणूस ते ऐकून, जमेल तेवढे, आपल्या भाषेत सांगतो आहे. गोंगाट काढून टाकला तर कवितेचा मूळ वक्ताच निघून जाईल.

म्हणूनच ‘थ्रू द ट्रीज’ हे वेगळ्या अल्बममधले गाणे वाटण्याचे कारण नाही. त्यात लांबवलेल्या, ऑर्गनसारख्या स्वरांचा दाट पडदा आहे आणि तोही बदलतो तो इतक्या सावकाश, की पहिल्या गाण्यातील गिटार आणि दुसऱ्यातील हे स्वर एकाच कामाला लावलेले आहेत, हे काही ऐकण्यांनंतर स्पष्ट होते. ब्लॅक मेटलमध्येही ही जोडी जुनीच आहे. ‘फिलोसोफेम’मध्ये तब्बल २५ मिनिटांचा एक तुकडा ड्रमविना, जवळजवळ निश्चल आहे. ‘उल्व्हर’ या नॉर्वेच्याच बँडने १९९५ चा पहिला अल्बम ब्लॅक मेटल आणि लोकसंगीत यांच्या मिश्रणाचा केला, १९९६ चा ‘क्वेल्डस्साँगेर’ संपूर्णपणे विनावीज वाद्यांवर केला आणि १९९७ मध्ये पुन्हा अतिशय खरखरीत ब्लॅक मेटलकडे वळून ही त्रयी पुरी केली. म्हणजे लोकसंगीताकडून ब्लॅक मेटलकडे जाण्याची वाट एल्व्हरमने शोधली असे नव्हे. दुसऱ्या टोकाकडून लोक आधीच त्या वाटेने आले होते.

आणखी एक गोष्ट. ‘द ग्लो पार्ट टू’ पुन्हा ऐका. हलक्या गिटारच्या मध्येच फुटणारा विकृत आवाज, फुगून फाटलेले ड्रम आणि अधूनमधून दूरवरून येणारा जहाजांच्या भोंग्याचा आवाज हे सर्व त्यात २००१ मध्येच होते. तो टेपवर ध्वनिमुद्रण करतो आणि टेप भरून फाटेपर्यंत आवाज चढवणे ही त्याची तेव्हापासूनची सवय आहे. २००८ मध्ये ‘ब्लॅक वुडन सीलिंग ओपनिंग’ या छोट्या ध्वनिमुद्रिकेत त्याने आपलीच गाणी जड, विकृत गिटारवर वाजवून पाहिली होती.

काळाकभिन्न:

टेपडेक यांचे विवेचन उत्तम आहे, पण एका मुद्द्यावर मी सहमत नाही. ब्लॅक मेटल नियमितपणे ऐकणाऱ्याच्या कानाला ‘विंड्स पोएम’मधील ड्रम पटत नाहीत. ब्लास्ट बीट हे कसरतीचे काम आहे. त्यात मनगट, पाय आणि श्वास यांचा वर्षानुवर्षांचा रियाज असतो, आणि डार्कथ्रोनचे ध्वनिमुद्रण कितीही कच्चे असले तरी त्यातले वादन कच्चे नाही. एल्व्हरमचे ड्रम हे एका लोकगायकाने जोरात वाजवलेले ड्रम आहेत. शिवाय त्याच्या ध्वनीत खर्ज भरपूर आहे, छातीवर दाब यावा इतका. अस्सल ब्लॅक मेटलची धार पातळ आणि थंड असते. ‘द हिडन स्टोन’ किंवा ‘द माउथ ऑफ स्काय’ ऐकताना मला नॉर्वेच्या ब्लॅक मेटलपेक्षा डूम आणि ड्रोन या संथ, जड शैली अधिक आठवतात.

अल्बम वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. मी तो दरवर्षी ऐकतो. परंतु ‘ब्लॅक मेटलचा अल्बम’ ही पाटी पाहून कोणी मेटल ऐकणारा तो घेईल तर त्याची निराशा होईल, आणि त्या पाटीला घाबरून लोकसंगीत ऐकणारा तो टाळेल तर त्याचे नुकसान होईल. मला त्यातील सर्वोत्तम गाणे विचाराल तर मी ‘बिटवीन टू मिस्टरीज’ सांगेन, ज्यात मेटलचा मागमूसही नाही.

ओलाडोंगर:

मी सिएटलजवळ राहते. संगीताच्या तांत्रिक बाजूबद्दल वरील दोघांइतके मला सांगता येणार नाही, परंतु या चर्चेत जागेचा विचार राहून जातो आहे असे वाटते. एल्व्हरमचे गाव ॲनाकॉर्टिस हे सिएटलच्या उत्तरेला, फिडाल्गो नावाच्या बेटावर आहे. गावालगत सुमारे ३८८ मीटर उंचीचा माउंट एरी हा डोंगर आहे. त्याच्याच नावात एक अक्षर वाढवून या गायकाने आपले नाव केले. माथ्यावरून एका बाजूला खाडी आणि बेटे, तर दुसऱ्या बाजूला बर्फाच्छादित रांगा दिसतात.

या भागातील वारा हा कवीकल्पनेचा विषय नाही. नोव्हेंबरपासून पॅसिफिकवरून एकामागून एक वादळे येतात. उंच फर आणि सीडरची मुळे पावसाने भिजून सैल झालेली असतात, त्यामुळे झाडे वीजवाहिन्यांवर कोसळतात. डिसेंबर २००६ मधील वादळात एकट्या वॉशिंग्टन राज्यात दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली होती. झाडीतला तो आवाज घरात बसून ऐकला, तर त्यात सुटे झोत ओळखू येत नाहीत. एक अखंड घोष असतो, त्याची पट्टी मात्र सतत थोडी थोडी वरखाली होत राहते. टेपडेक यांनी सांगितलेला ट्रेमोलो त्याच्याशी फार जवळचे नाते सांगतो. काळाकभिन्न यांना जो खर्ज खटकला, तो मला येथे राहून स्वाभाविक वाटतो, कारण येथील वारा कोरडा आणि थंड नसून ओला आणि जड आहे.

‘बिटवीन टू मिस्टरीज’चा उल्लेख झाला म्हणून सांगते: त्यात अँजेलो बादालामेंटी यांनी ‘ट्विन पीक्स’ या दूरदर्शन मालिकेसाठी केलेल्या ‘लॉरा पामर’ या धूनेचे सूर सरळ गुंफलेले आहेत. त्या १९९०-९१ च्या मालिकेतील डोंगर, धबधबा आणि वाऱ्याने हलणारी झाडे सिएटलच्या पूर्वेकडील स्नोक्वाल्मी आणि नॉर्थ बेंड परिसरात चित्रित झालेली आहेत. म्हणजे नॉर्वेतून आलेला ध्वनी आणि घराजवळच्या जंगलाची एक लोकप्रिय प्रतिमा या दोन्ही त्याने एकाच अल्बममध्ये ठेवल्या.

रानवाट:

सर्वांचे आभार. एक शंका राहते. बुर्झुमबद्दल वाचले तेव्हा त्यामागील माणसाचा इतिहास समोर आला आणि मी अस्वस्थ झालो. ज्या संगीताचा उगम अशा ठिकाणी आहे, त्यातून निसर्गकविता घडवताना तो इतिहासही नकळत सोबत येत नाही का?

टेपडेक:

प्रश्न रास्त आहे. बुर्झुमच्या व्हार्ग व्हिकेर्नेसने ऑगस्ट १९९३ मध्ये ‘मेहेम’ या बँडच्या गिटारवादकाचा खून केला. त्या गुन्ह्यासाठी आणि लाकडी चर्च जाळल्याबद्दल १९९४ मध्ये त्याला २१ वर्षांची, म्हणजे नॉर्वेतील तेव्हाची कमाल शिक्षा झाली. त्याचे वंशवादी विचारही लपलेले नाहीत. दुसरीकडे, बुर्झुमच्या १९९३ च्या अल्बममध्ये ‘लॉस्ट विज्डम’ नावाचे गाणे आहे. एल्व्हरमचा २००८ चा अल्बम आणि ‘विंड्स पोएम’मधील ‘लॉस्ट विज्डम पार्ट टू’ यांचे नाव तेच असणे हा योगायोग मानणे कठीण आहे. म्हणजे तो संबंध टाळता येणारा नाही.

माझे मत असे आहे, की उधारी कोणाची हे पाहताना उधारीचे पुढे काय केले हेही पाहावे. नॉर्वेच्या त्या पिढीने जंगल आणि हिवाळा यांचा उपयोग बहुधा कोणालातरी बाहेर ठेवण्यासाठी केला: ही आमच्या पूर्वजांची भूमी, येथे परके नकोत. एल्व्हरमलाही हा मोह होऊ शकला असता, कारण त्याचे आडनाव मूळचे नॉर्वेजियन आहे आणि २००२-०३ चा हिवाळा त्याने उत्तर नॉर्वेतील एका झोपडीत एकट्याने काढला. त्या काळातील नोंदी आणि गाणी पुढे २००८ मध्ये ‘डॉन’ या नावाने आली. पण ‘विंड्स पोएम’मध्ये वंश, सैतान, युद्ध, शत्रू यांपैकी काहीही नाही. वारा आणि दगड तेथे कोणाच्याही बाजूने नाहीत, आणि गाणारा स्वतःला त्या भूमीचा मालक समजत नाही. उलट तीच त्याला झिजवून टाकणार आहे हे तो मान्य करतो. त्याच्याच राज्यातील, ऑलिंपियाजवळच्या ‘वुल्व्ह्ज इन द थ्रोन रूम’ या बँडने २००७ च्या ‘टू हंटर्स’मध्ये ब्लॅक मेटल असेच जंगलाच्या शोकाकडे वळवले होते. अर्थात, हे सर्व मान्य करूनही ज्याला बुर्झुम लावावासा वाटत नाही, त्याने तो लावू नये. ‘विंड्स पोएम’ समजण्यासाठी झॅस्थर आणि उल्व्हर पुरेसे आहेत.

काळाकभिन्न:

शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. रानवाट यांना पुढे ऐकायचे असेल तर एल्व्हरमचे २०१२ चे दोन अल्बम लागोपाठ ऐकावेत: आधी ‘क्लिअर मून’ आणि मग ‘ओशन रोर’. ओलाडोंगर म्हणतात तो ओला खर्ज दुसऱ्यात आणखी वाढलेला आहे, आणि त्यात जर्मनीच्या ‘पोपोल वूह’ची एक रचना गिटारच्या लोंढ्यात वाजवलेली आहे. त्यानंतर केंटकीच्या पार्श्वभूमीवरचा ‘पॅनॉप्टिकॉन’चा २०१२ चा ‘केंटकी’ घ्यावा. त्यात बँजो आणि फिडल असलेले ब्लूग्रास आणि खराखुरा ब्लास्ट बीट शेजारी शेजारी आहेत, आणि विषय कोळसा खाणीतील कामगारांच्या लढ्यांचा आहे. ड्रम कसे वाजवायचे असतात, हे तेथे कळेल. आणि झॅस्थरचा प्रवास पाहा: त्याने पुढे मेटल सोडले आणि २०१६ च्या अल्बममध्ये तो विनावीज गिटार घेऊन बसला आहे.