शहरभर सार्वजनिक वायफाय हवं का, आणि हवं तर कुणाच्या भरवशावर?

खांबमोज्या

पाणी, रस्ते, दिवाबत्ती यांच्या जोडीला शहरभर बिनतारी इंटरनेटही पालिकेनं उभारावं, असं माझं मत आहे. आजवर बऱ्याच ठिकाणी ते फसलं हे मान्य. पण फसलं कसं? नकाशा पसरला, दिव्याच्या खांबांवर ठिपके मारले, ठिपक्यांभोवती वर्तुळं काढली आणि वर्तुळाला वर्तुळ टेकलं की 'संपूर्ण शहर व्यापलं' असं लिहून मोकळे. पैसे कुठून येणार, याचं पक्कं उत्तर कुणीच दिलं नाही.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियानं २००४ साली हाच घाट घातला. साडेतीनशे चौरस किलोमीटरचं शहर. अर्थलिंक कंपनीनं स्वतःच्या खर्चानं जाळं टाकायचं, वर्गणीतून वसूल करायचं आणि पालिकेला तोशीस नाही. २००८ मध्ये कंपनीनं अंग काढून घेतलं. सॅन फ्रान्सिस्कोची योजना तर त्याच्या आदल्या वर्षी जाळं पडायच्या आधीच बारगळली.

मिनियापोलिसमध्येही जाळं खासगी कंपनीचंच होतं, पण पालिका स्वतः त्याचं मोठं, बांधील गिऱ्हाईक झाली. ऑगस्ट २००७ मध्ये तिथला महामार्गाचा पूल नदीत कोसळला, तेव्हा ते अर्धवट जाळंही बचावपथकांच्या कामी आलं. म्हणून माझं म्हणणं, आधी पालिकेची स्वतःची कामं त्यावर आणा: सिग्नल, पाण्याचे मीटर, तपासनीसांचे टॅब. उरलेली क्षमता लोकांना द्या. गिऱ्हाईक पक्कं झाल्याशिवाय एकही खांब मोजू नका.

तळमजला

नाव खांबमोज्या आणि सल्ला खांब न मोजण्याचा! असो.

मुळातच विरोध आहे. एका सार्वजनिक जाळ्याचा खांब माझ्या खिडकीसमोर, वीसेक पावलांवर होता. फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या आणि पान काही उघडेना. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कारण नंतर कळलं. खांबावरचं यंत्र मोठ्यानं बोलतं, म्हणून फोनला ते ऐकू येतं. फोन बिचारा कुजबुजतो, आणि मध्ये भिंत आली की ती कुजबुज खांबापर्यंत पोचत नाही. रेघा दाखवतात ते फक्त एका बाजूचं ऐकणं.

भिंतीचं एक वेळ ठीक. नव्या इमारतींच्या काचांना उन्हासाठी धातूचा पातळ लेप असतो, तो विटेपेक्षा वाईट. झाडाची ओली पानंही सिग्नल पितात. थोडक्यात, हे जाळं रस्त्यासाठी आहे, घरासाठी नाही. आणि रस्त्यावर चालताना माझ्याकडे मोबाइल डेटा असतो. मग पालिकेनं ही उठाठेव कशाला करायची?

पारावरचा

तळमजल्याशी पूर्ण सहमत. भारतात गुगलनं रेल्वे स्थानकांवर मोफत वायफाय दिलं, २०१६ ला मुंबई सेंट्रलपासून सुरुवात आणि २०१८ पर्यंत चारशे स्थानकं. २०२० मध्ये त्यांनीच गाशा गुंडाळायला घेतला. कारण सांगितलं की मोबाइल डेटा स्वस्त झालाय. इतक्या मोठ्या कंपनीला जे पांढऱ्या हत्तीसारखं वाटलं, ते पालिका पोसणार?

खांबमोज्या

@पारावरचा, स्थानकांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. तिथे पहिलं गिऱ्हाईक फुकट वापरणारा प्रवासी होता. त्याला दुसरी सोय मिळाली, तो गेला, गुगलची योजनाही गेली. पाण्याचा मीटर असा सोडून जात नाही.

@तळमजला, रेघांचं अगदी खरं. फिलाडेल्फियातही ठरवलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त यंत्रं लागली, ती याचमुळे. पण 'माझ्याकडे डेटा असतो' हे तुमचं झालं. महिन्याच्या शेवटी डेटा संपल्यावर मुलांचा अभ्यास थांबतो अशी घरं आहेतच ना?

तळमजला

आहेत. पण ती घरं म्हणजे घरं! चार भिंतींच्या आत! मी वर काय लिहिलं? त्यांच्यासाठी वाचनालयात, शाळेत, समाजमंदिरात केबलचं दणकट कनेक्शन द्या आणि आत चांगले राउटर लावा. खांबावरून घरातल्या पोराला शिकवायला निघालात तर पोर खिडकीत लटकून अभ्यास करेल.

निवृत्त वायरमन

दोघांचंही चालू द्या, पण खांबाला हात लावलेला इथे मीच दिसतोय.

दिव्याच्या खांबांना बऱ्याच ठिकाणी दिवसा वीज नसते. एका पेटीतून अख्खी ओळ संध्याकाळी चालू होते, सकाळी बंद. म्हणजे तुमचं वायफाय रात्रपाळीचं. दिवसा चालवायचं तर वेगळी तार ओढा, नाहीतर खांबागणिक बॅटरी लावा. बॅटरी आली की ती बदलणं आलं, चोरी आली. शिडीची गाडी आणि दोन माणसं दर वेळी लागतात. योजनेच्या कागदावर यंत्राची किंमत असते, शिडीची नसते.

दुसरं, प्रत्येक खांबाला फायबर मिळत नाही. मग एका खांबाचं बोलणं दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे पाठवतात. एकच रेडिओ असेल तर तो ऐकतो तेव्हा बोलू शकत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. चौथ्या खांबाखाली उभ्या माणसाला काय मिळणार ते तुम्हीच मोजा. हवेतही जागा कुठे आहे? वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीन, १, ६ आणि ११. त्यावर घरोघरचे राउटर आधीच बसलेत. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा आहे, पण ते भिंतीपाशी आणखी लवकर दम तोडतं.

तरी मी विरोधात नाही. फायबर आधी चौकाचौकात न्या, मग खांब.

ओटीपी आला का

लॉगिनचं कुणीच बोलत नाहीये. वायफाय हवं कारण मोबाइलला रेंज नाही, आणि वायफायला ओटीपी हवा तो मोबाइलवर येणार. परदेशी पाहुणा आला तर त्याच्या नंबरावर येतच नाही. शिवाय त्याच नावाचं खोटं जाळं कुणीही उभं करू शकतं, फोन आपणहून जोडला जातो. एकदाच नोंदणी करून फोनमध्ये ओळखीचं डिजिटल प्रमाणपत्र ठेवायची पद्धत आहे, त्यात फोन समोरचं जाळं खरं आहे का तेही तपासतो. निविदेत ती अट घाला, म्हणजे पाठिंबा.

पारावरचा

निविदा म्हटलं की कुरण आलंच. त्यापेक्षा स्पेनमधल्या कॅटलोनियातलं गुईफी बघा. २००४ पासून लोकांनी स्वतःच्या छपरांवर अँटेना लावून जाळं विणलं, आता तीस हजारांहून जास्त जोडण्या आहेत. ज्याची अँटेना त्याची जबाबदारी.

तळमजला

ते खेड्यापाड्यात सुरू झालं, कंपन्या फिरकत नव्हत्या म्हणून. शहरात छप्पर सोसायटीचं असतं. अँटेनेला परवानगी मागून बघा एकदा, पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत पाय धरावे लागतील.

खांबमोज्या

वायरमनकाका, दिवसाच्या विजेचा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता, खरंच. तेव्हा बदल करतो. आधी फायबर, तेही जिथे पालिकेची स्वतःची इमारत आहे तिथपर्यंत: दवाखाना, शाळा, वॉर्ड ऑफिस. तिथे दिवसा वीज असते, शिडी लागत नाही, आणि तळमजल्यांच्या म्हणण्याप्रमाणे राउटर भिंतीच्या आत. तिथून बाहेरच्या चौकापुरतं एक यंत्र. पालिका गिऱ्हाईक असण्यावर मात्र मी ठाम आहे. 'शहरभर' हा शब्द सोडायला जिवावर येतंय, पण सोडतो.

निवृत्त वायरमन

वॉर्ड ऑफिसचा राउटर साडेपाचला मेन स्विचबरोबर बंद होतो, तेवढं बघा.