मदत हवी आहे: अलास्कात विमान आलंच नाही आणि चालत बाहेर पडावं लागलं तर बंदूक कुठली, काडतुसं किती?

मुक्काम_डेनव्हर:

नमस्कार मंडळी, अलास्कात राहणारे किंवा तिथल्या उत्तरेकडच्या ब्रूक्स रेंज डोंगररांगेत जाऊन आलेले कोणी असतील तर प्लीज वाचा, प्रश्न जरा लांबलाय.

ऑगस्टअखेर आम्ही तिघं गेट्स ऑफ द आर्क्टिक नॅशनल पार्कात जातोय. तिथे ना रस्ता ना पायवाट, फेअरबँक्सहून बेटल्स, तिथून फ्लोटप्लेनने एका तळ्यावर उतरायचं, आठवडाभर हिंडायचं आणि ठरल्या दिवशी तेच विमान घ्यायला येणार. हवा बिघडली तर विमान लांबतं म्हणून जादा खाणं घ्या असं सगळेच सांगतात, ते घेणारच आहोत. पण समजा विमान आलंच नाही, खाणं संपत आलं आणि पूर्वेला डाल्टन हायवेपर्यंत चालत जायची वेळ आली तर पाठीवर काय असावं यावरून आमच्यात जुंपलीय.

ऑफिसमधला अमेरिकन दोस्त, लहानपणापासून शिकारीला जाणारा, तो म्हणतो एआर-१५ आणि .२२३ ची २०० काडतुसं. मी किचनच्या काट्यावर वजन केलं तर .२२३ चं एक काडतूस १२ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे २०० ची झाली जवळजवळ अडीच किलो, वर रायफल तीन किलो. साडेपाच किलो फक्त हेच, तंबू-स्लीपिंग बॅग-अस्वलापासून खाणं राखायचा तो डबा (तिथे कम्पल्सरी आहे) हे सगळं वेगळं. मला हे पटत नाही.

माझ्या डोक्यात दोन पर्याय आहेत. एक म्हणजे .२२ ची हलकी रायफल. हेन्रीची एआर-७ आहे, नळी आणि बाकीचे भाग दस्त्यातच कोंबून ठेवता येतात, वजन दीड किलोच्या जरा वर. मूळ डिझाइन युजीन स्टोनरचं, म्हणजे ज्याने एआर-१५ काढली तोच माणूस, आणि विमान पडलं तर वैमानिकाजवळ असावी म्हणून केलेल्या एआर-५ वरून ती बेतलेली. .२२ ची १०० काडतुसं साडेतीनशे ग्रॅममध्ये बसतात. ससे, टार्मिगन (तित्तिरासारखे पक्षी) मिळतील. पण अस्वल आलं तर .२२ चा काय उपयोग, उलट चिडायचं. दुसरा पर्याय १२ बोअरची पंप शॉटगन आणि स्लग (छर्र्यांऐवजी एकच मोठी गोळी असलेलं काडतूस). अस्वलाला भारी, पण बंदूकच सव्वातीन किलो आणि एकेक स्लग ४५ ग्रॅमच्या आसपास, वीस घेतले की ९०० ग्रॅम गेले.

माझा स्वतःचा बंदुकीशी संबंध म्हणाल तर गावी कोकणात आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या लायसन्सची ठासणीची बंदूक होती, डुकरं हाकलायला बार काढायचे, एवढाच. इथे आल्यावर रेंजवर जातो अधूनमधून. ग्रीन कार्ड आहे माझं. तिसरा मित्र कोल्हापूरचा, एच-१बी वर आहे, त्याला पण एखादं पिस्तूल द्यावं का हाही प्रश्न आहे.

तर एकच बंदूक न्यायची झाली तर कुठली, आणि काडतुसं किती पुरे?

उत्तरेचा_वारा:

आधी तुमच्या कोल्हापूरच्या मित्राचं, कारण ते सगळ्यात सिरियस आहे. एच-१बी म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसा, आणि त्या व्हिसावर फेडरल कायद्याने बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही. अपवाद आहेत, त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते नसेल तर "जरा धर रे, मी बूट बांधतो" एवढ्यावरसुद्धा लफडं होऊ शकतं, आणि त्याचा व्हिसा, पुढचं ग्रीन कार्ड सगळं पणाला. वकिलाला विचारल्याशिवाय त्याच्या हातात काही देऊ नका.

आता तुमचा प्रश्न. बंदुकीने खायला मिळवायचं हे डोक्यातून काढा. पार्कच्या मुख्य भागात बाहेरच्यांना शिकार बंद आहे, आणि हायवेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मैल बंदुकीने शिकार बंद, तिथे फक्त धनुष्यबाण चालतो. स्वसंरक्षणासाठी जवळ ठेवायला हरकत नाही. जीवावर बेतलं तर गोष्ट वेगळी, पण प्लॅनच त्यावर बांधू नका. शिवाय सशाच्या मांसात चरबी जवळपास नसतेच, नुसतं तेच खाऊन माणूस खंगत जातो, पोट भरतं आणि ताकद येत नाही. जी काडतुसं तुम्ही मोजताय त्यातला एक किलो काढा आणि किलोभर शेंगदाण्याचे लाडू घ्या. किलोभर शेंगदाण्यात साडेपाच हजारांच्या वर कॅलरी असतात, नेम चुकायचा प्रश्न नाही :)

म्हणजे बंदूक उरली फक्त अस्वलासाठी. त्यात पहिला नंबर बेअर स्प्रेचा, म्हणजे अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखटाचा फवारा. अलास्कातल्याच घटनांवर २००८ साली स्मिथ, हेरेरो वगैरेंचा अभ्यास आलाय, त्यात ब्राऊन अस्वलांवर स्प्रे ९२ टक्के वेळा लागू पडला. त्याच लोकांनी २०१२ मध्ये बंदुकीच्या २६९ घटना तपासल्या, तर पिस्तूल ८४ आणि रायफल-शॉटगन ७६ टक्के. कारण साधं आहे, ग्रिझली (तेच ब्राऊन अस्वल) जोरात सुटली तर सेकंदाला पंधरा मीटर, तीस मीटरवरून निघाली तर तुमच्याकडे दोन सेकंद. पाठीला लावलेली शॉटगन दोन सेकंदात खांद्याला येत नाही. स्प्रे प्रवासी विमानात हातातही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, फेअरबँक्सला घ्या, आणि फ्लोटप्लेनच्या पायलटला आधी सांगा, तो केबिनमध्ये ठेवू देत नाही, बहुतेक जण विमानाखालच्या पोकळ फ्लोटमध्ये टाकतात.

शंकासुर:

१० एमएमचं पिस्तूल बघा. ग्लॉक २० भरलेलं १.१ किलोच्या आसपास, त्यात १५ गोळ्या येतात. .४४ मॅग्नम रिव्हॉल्वर दणकट पण सहाच गोळ्या आणि हात असा झटकतो की दुसरी गोळी कुठे जाईल देव जाणे. गोळ्या मात्र जड, कडक शिशाच्या, न पसरणाऱ्या घ्या, घरात ठेवायच्या पसरणाऱ्या गोळ्या अस्वलाच्या स्नायूतच अडकतात. शॉटगन नेलीत तर स्लगच, छर्रे नकोत. आणि २०० कशाला, अस्वलाबरोबर लढाई चार सेकंदांत संपते, या बाजूने नाहीतर त्या बाजूने. पिस्तुलातल्या आणि वर एक मॅगझिन, बास.

अलास्कात जीव वाचवायला अस्वल मारलंत तर कातडं नख्यांसकट आणि कवटी काढून सरकारजमा करावी लागते, आणि १५ दिवसांत लेखी रिपोर्ट. भुकेल्या पोटी अस्वल सोलायची तयारी आहे का ते दोस्ताला विचारा.

मुक्काम_डेनव्हर:

@उत्तरेचा_वारा एच-१बी चं खरंच माहीत नव्हतं, त्याला लगेच फोन केला, तो म्हणतो मला तसंही नको होतं, मी स्प्रे घेतो. १० एमएम रेंजवर भाड्याने मिळतंय, आधी चालवून बघतो. पण अमेरिकन दोस्त अजून अडून बसलाय. तो म्हणतो अस्वलाचं सोडा, हायवेपर्यंत चालताना दहा दिवस लागले तर?

उत्तरेचा_वारा:

तर मुळात चालायला निघूच नका ना! विमान तुम्हाला शोधायला त्याच तळ्यावर येणार, तुम्ही तिथे नसलात तर शोध दसपट अवघड. ऑगस्टअखेर पाऊस लागला की नद्या फुगतात आणि तिथे माणसं अस्वलापेक्षा नदी ओलांडताना जास्त अडचणीत येतात, वर टसॉकमधून (गवताचे डगमगते उंचवटे) चालणं म्हणजे दिवसाला किती अंतर कापाल याचा काही भरवसा नाही. सॅटेलाइट मेसेंजर घ्या, इनरीच किंवा तसलं काहीतरी. आयफोनच्या एसओएसवर विसंबू नका, अॅपलनेच सांगितलंय की ६२ अक्षांशाच्या वर ते चालेलच असं नाही, आणि तुम्ही जाताय ६७-६८ वर. एक मेसेंजर बॅटरीसकट १०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे .२२३ ची आठ काडतुसं. दोस्ताला हा हिशोब दाखवा.

मुक्काम_डेनव्हर:

दाखवला. तो एआर घरी ठेवायला तयार झालाय, .२२ साठी मात्र अजून कुरकुरतोय. मेसेंजर दोन घेतोय, दोघांकडे एकेक. आता शेवटचं, पिस्तूल लावायचं कुठे? सॅकचा कमरेचा पट्टा बांधला की कमरेचं होल्स्टर त्याच्याखाली दबतं, म्हणून छातीवरचं बघतोय, पण त्यावर सॅकच्या छातीच्या पट्ट्याचं बकल येतं आणि स्प्रे पण तिथेच लावायचाय. कोणी दोन्ही एकत्र लावून चाललंय का? फोटो असेल तर टाका प्लीज.